गिरणी कुठे उतरवायची

मक्याची गिरणी ट्रकवर दोरांनी आवळून बांधलेली होती. ड्रायव्हर चाकाला टेकून ऊस चघळत होता. चर्चच्या अंगणात दोन्ही वाड्यांच्या बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्या मंडळाची अध्यक्ष न्यामोयो आत देवाला विचारत होती: गिरणी उतरवायची कुठे, खालच्या वाडीत की वरच्या? जिथे उतरेल तिथल्या बायकांची डोक्यावर मका वाहण्याची पायपीट संपणार होती. दुसरीकडच्यांच्या नशिबी टेकडीचा चढउतार होताच.

"अजून किती वेळ, मावशी?" ड्रायव्हरने विचारलं. "देवाचा फोन लागत नाहीये का?"

"लागेल की," उपाध्यक्ष न्याचाविंगा म्हणाली. "न्यामोयोच्या घराचा पत्ता देवाला तोंडपाठ आहे. बघच तू, गिरणी बरोब्बर तिच्याच अंगणात उतरणार."

न्याचाविंगा वरच्या वाडीची, न्यामोयो खालच्या वाडीची. वरच्या बायका खो खो हसल्या. खालच्यांनी तोंडं फिरवली.

न्याचाविंगाला मात्र हसू येत नव्हतं. दोघींचा गणवेश तोच पांढरा, रविवारचा बाकही तोच. तरी काही ठरवायचं झालं की सगळ्याजणी न्यामोयोच्या तोंडाकडे बघायच्या. मी काय देवाची सावत्र लेक आहे? जळफळाट होत होता तिचा.

ती चर्चच्या मागे गेली. आज हिची चोरी पकडायचीच. मागच्या खिडकीला काच नव्हती.

आत न्यामोयो सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. देव काही बोलत नव्हता. तीच बोलत होती, हळू आवाजात, शेजारणीशी बोलावं तशी.

"प्रभू, मला ती माझ्याच दारात हवी. माझे गुडघे गेलेत, तो चढ मला जमायचा नाही. पण हे माझे गुडघे बोलतायत, तू नाही. ही हाव माझ्यातून काढ. ती जाईपर्यंत मी काही उठत नाही."

मग बराच वेळ ती तशीच गुडघ्यांवर बसून होती. न्याचाविंगा खिडकीशी खिळून राहिली. चोरी पकडायला आली होती, आणि चोराने आधीच कबुली दिली होती.

शेवटी न्यामोयो भिंतीला धरून उठली आणि बाहेर आली.

"वरच्या वाडीत," ती म्हणाली. "तिकडे घरं जास्त, म्हाताऱ्याही जास्त. आणि वाडीत नेमकी कुठे, ते न्याचाविंगा ठरवेल. तिची वाडी, तिलाच ठाऊक."

वरच्या वाडीने एकच गलका केला. दोघीतिघी नाचायलाच लागल्या. एकीने न्याचाविंगाला कोपराने ढोसलं. "तोंड का पडलं गं? जिंकलीस की!"

जिंकली होती खरी. तरी तिला न्यामोयोचा हेवाच वाटत होता, मघापेक्षाही जास्त.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. "बोला मावशी, कुठे घेऊ?"

"माझ्या..." ती म्हणाली आणि अडखळली. न्यामोयोने कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडावर गुडघ्यांपाशी मातीचे दोन गोल उमटले होते. तिने ते झटकलेही नव्हते.

"थांब जरा," न्याचाविंगा म्हणाली आणि चर्चमध्ये शिरली.

"झालं! आता हिचा फोन," ड्रायव्हर पुटपुटला. बायकांत हशा पिकला.

आत ती न्यामोयोच्याच जागी गुडघे टेकून बसली. आधी नेहमीची पाठ प्रार्थना तोंडात आली. ती तिने अर्ध्यावर सोडली.

"प्रभू, मला ती माझ्या दारात हवी," ती म्हणाली. "न्यामोयोने रोज तो चढ चढून माझ्या दाराशी यावं, म्हणून हवी."

बाहेर हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. ती उठली नाही.