वाळू चाळणारा मासा

अक्कांची टवका उडालेली कवडी कुमुदताईंनी सकाळीच सुनेच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, वाळूखाली पुरली होती. त्या कवडीमुळे अक्कांना, म्हणजे थोरल्या जाऊबाईंना, हवं ते दान पडायचं. लग्न होऊन आल्यापासून कुमुदताई अष्टाचंगात हरत आल्या होत्या. आज जिंकायचंच!

दोघी पट मांडून बसतात तोच सूनबाईने टाकीत नवा मासा सोडला. "आई, हा वाळू तोंडात घेतो, खाणं टिपतो नि कल्ल्यांतून वाळू सोडतो. सगळा तळ चाळून काढेल बघा."

कुमुदताईंनी घाईघाईने पहिलं दान टाकलं.

माशाने कोपरा उकरला आणि कवडी उघडी पडली.

"अगं बाई! ही इथे पोहायला कधी गेली गं?" अक्कांनी डोळे वटारले.

कुमुदताईंनी मान खाली घातली. मासा मात्र शंखामागे वळला. तिथल्या वाळूतून हिरव्या काचेची सोंगटी चमकली. कुमुदताईंच्या माहेरची, दिवाळीपासून हरवलेली.

"अक्का, कवडीला सोबतही मिळालीय हो!"

अक्का घाईने टाकीकडे पाठ करून बसल्या नि म्हणाल्या,

"सूनबाई, त्याला आधी पोटभर खायला घाल. आणखी काही उकरून काढेल मेला!"