पिकाची हरकत

आमच्या इंग्लंडातल्या गावचा मॉरिस हा लोकनाच सहा पुरुषांचा. बाई नाचली तर पीक बुडतं अशी समजूत; बाईने वाजवायला मात्र पिकाची हरकत नव्हती. म्हणून हेस्टर तरुणपणापासून बाकावर बसून कॉन्सर्टिना, ती भात्याची छोटी हातपेटी, वाजवत आली. पावलं पाठ, नाचायची हौस मनातच. यंदा सहावा गडी वारला. सणाच्या सकाळी म्होरक्या सायलस पबच्या अंगणात त्या वारलेल्या गड्याची घुंगरं घेऊन तिच्यापुढे आला. "नाचतेस का गं?" "आणि पिकाचं काय, सायलसराव?" "शेती उरलीय कुणाकडे? बांध लवकर!" तिने पोटऱ्यांना घुंगरं बांधली आणि ती रिकाम्या जागी जाऊन उभी राहिली. सायलसने हातातले नाचाचे रुमाल उंचावले. अंगण गप्पच. "अरे, वाजवणार कोण?" एकाने विचारलं. वाजवणं बाईचं काम म्हणून कुणी शिकलंच नव्हतं. हेस्टर बाकावर परतली. पाच जण नाचले, सहाव्याची घुंगरं बाकाखालीच वाजत राहिली.