फोटोपुढची बरणी

जेवण झाल्यावर सुमिएने आपल्या कुत्र्याला, कुमाला, इन्सुलिन टोचलं आणि त्याने खाल्लेलं सगळं जमिनीवरच्या तातामी चटईवर ओकून टाकलं. आता औषध रक्तातली उरलीसुरली साखरही ओरबाडत होतं. त्याचे पाय लटपटले, डोळे फिरले. "आजी, हिरड्यांना काहीतरी गोड चोळा, आधी तेवढं करा!" फोनवरून डॉक्टरीणबाई ओरडल्या. गोड आणायचं कुठून? घरात साखरेचा कण नव्हता. तिनेच ठेवला नव्हता. नवरा होता तोवर चोरून कुमाला काकवीचं बोट चाटवायचा, त्यावरून रोज भांडण. "एका बोटाने काय मरतोय तो?" म्हणायचा. काकवी! ती देव्हाऱ्याकडे धावली. घंटा न वाजवताच नवऱ्याच्या फोटोपुढे नैवेद्याला ठेवलेली काकवीची बरणी उघडून तिने ती कुमाच्या हिरड्यांवर चोळली. चोळतच राहिली. अखेर जीभ हलली, बोट चाटू लागली. सुमिए मटकन बसली आणि फोटोवर करवादली, "शेवटी भरवलंतच ना त्याला!"