खोटी गोळी

"छोटं पिस्तूल मोठ्यापेक्षा जास्त उसळतं, वहिनी. दोन्ही हातांनी घट्ट धरा."

"बाई गं! मी तर जन्मात कधी हात लावला नाही हो, भावजी. पण हे गेल्यापासून घरात एकटीचा डोळा लागत नाही. यांना गोळी घालणारा चोर अजून मोकाटच आहे ना!"

दिराचा धंदाच नेमबाजी शिकवण्याचा. नवख्याला तो पहिली गोळी नेहमी खोटी देई, न सांगता. तशीच त्याने वहिनीलाही दिली. नवखा माणूस चाप ओढताना फार तर डोळे घट्ट मिटतो. उसळी दाबायला मनगट आपोआप खाली जाण्याची खोड मात्र, पिस्तुलाचा झटका खाल्ल्याशिवाय कुणाच्या हाताला लागत नाही.

वहिनीचे डोळे उघडेच होते. तिने चाप ओढला आणि मनगट झपकन खाली दबलं. पिस्तुलातून नुसतं 'टक' झालं.

खाली झुकलेल्या नळीकडे दोघंही बघत राहिले. दार बंद होतं आणि खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

मग धाकट्या दिराचे लाड करावेत तशा आवाजात ती म्हणाली, "आता खरी भरा ना, भावजी."