हरणाऱ्याने फरशी निवडायची

“लाल,” बाबा म्हणाले आणि त्यांनी बाकावर बसकण मारली.

लेकीला हे अपेक्षितच होतं. मागच्या टोपलीला ते हरले होते, आणि दोघांचा जुना नियम असा, की जो हरेल त्यानं पुढची फरशी निवडायची आणि दोघांनीही तिथूनच चकती फेकायची. मैदानात प्रत्येक टोपलीसाठी तीन फरश्या होत्या. लाल जवळची, पांढरी मधली आणि निळी पार लांब, झाडांच्या रांगेपलीकडे. कमीत कमी फेकींत चकती साखळ्यांच्या टोपलीत पाडायची, एवढाच काय तो डिस्क गोल्फ.

“परत लाल? बाबा, लोक हसतील आपल्याला.”

“हसू देत. हा खांदा त्यांना उसना देतो, मग बघू किती हसतात ते.”

ती हसली. हेच बाबा तिच्या लहानपणी म्हणायचे, लालवरून खेळायचं असेल तर घरी बसून पत्ते कूट. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. दाराची अख्खी चौकट एकट्यानं खांद्यावर घेऊन जिने चढायचा. आणि आता वर्ष होत आलं, दर रविवारी आपलं लाल एके लाल.

तिची चकती टोपलीच्या जरा अलीकडे टेकली. बाबांची भेलकांडत जाऊन झुडपात शिरली.

“गेली तेल लावत,” ते म्हणाले आणि दोघांच्या पिशव्या उचलून चालू लागले.

“माझी द्या इकडे. खांदा दुखतोय ना तुमचा?”

“दुखतोय तो उजवा. डाव्यानं काय फुकट खायचं?”

आज तिला त्यांच्याशी बोलायचंच होतं. आत्यानं फोनवर बजावलं होतं, “तुझ्याशिवाय तो कुणाचं ऐकायचा नाही. कारखाना बंद कर म्हणावं. करवतीखाली हात गेला म्हणजे मग डोकं धरून बसाल दोघंही.” आत्याचं तोंड फटकळ, पण म्हणणं खोटं नव्हतं. उद्या सकाळी कारखान्याची जागा बघायला एक जण येणार होता. त्याला तिनंच बोलावलं होतं आणि बाबांना त्याचा पत्ताही नव्हता.

दुखण्याचा मान घरात आधी तिच्याकडे होता. ती लिफ्ट दुरुस्त करायची. गेल्या वर्षी लिफ्टच्या खड्ड्यात पडून तिचा खांदा निखळला, ऑपरेशन झालं. डॉक्टर प्रत्येक वाक्यात ‘हळूहळू’ म्हणायचे आणि नेमका तोच शब्द तिला ऐकू यायचा नाही. टाके निघाले न निघाले तोच ती कामावर पळाली, आणि पुढच्याच रविवारी मैदानावरही. त्याच सुमारास बाबांचा खांदा धरला आणि तिचं दुखणं मागे पडलं.

आता बाबा टोपलीपासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी एक डोळा मिटून नेम धरला. चकती टोपलीच्या कडेला लागून खाली पडली.

हातभर अंतरावरून! त्यांना आपला चेहरा दिसू नये म्हणून ती पाठ फिरवून उगाचच झाडांकडे बघत राहिली. बाप म्हातारा होताना असा उघड्या डोळ्यांनी बघावा लागणं फार वाईट.

“कारखान्यात काम खूप असतं का हो हल्ली?” तिनं चालता चालता विचारलं.

“दोन कपाटं आहेत हातात.”

“जड असतील.”

“हलकं कपाट तू कुठं पाहिलंस, ठमे?”

शेवटच्या टोपलीपाशी सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं.

शेवटच्या टोपलीआधी बाबा पुन्हा बाकावर टेकले आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. “काल डॉक्टरकडे गेली होतीस ना?”

“हो. विशेष काही नाही. परत यायचं कारण नाही म्हणाले.”

“असंच म्हणाले? याच शब्दांत?”

“याच शब्दांत. खांदा पूर्ण बरा झालाय, कितीही जोर लाव म्हणाले. मला कधीचंच माहीत होतं. उगाच चकरा मारायला लावल्या.”

बांधलेली नाडी बाबांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून ती त्यांच्याशेजारी बसली. त्यांचा खरबरीत हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

“बाबा, रागावू नका. उद्या कारखाना बघायला एक जण येतोय. मीच बोलावलंय. तुम्ही खूप केलंत, आता माझ्याकडे राहायला या. असा खांदा घेऊन तुम्ही करवतीपाशी उभे राहता, माझा जीव थाऱ्यावर राहत नाही हो.”

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “काळजीनं माणूस काय काय करतो, नाही?” मग उठले. “फरशी मीच निवडायची ना?”

“तुम्हीच.”

ते लाल फरशी ओलांडून पुढे गेले. पांढरीही ओलांडली.

“बाबा, लाल मागे राहिली!” ती त्यांच्यामागे धावली.

ते निळ्या फरशीवर पाय रोवून उभे होते. उजवा हात त्यांनी पार पाठीमागे नेला आणि सोडला. चकती सूं करत झाडांवरून गेली, लांबवर वळली आणि थेट टोपलीच्या पायाशी जाऊन पडली.

“बाबा! खांदा!”

“माझ्या खांद्याला काय धाड भरलीय?” बाबा तिच्यासाठी फरशीवरून बाजूला होत म्हणाले. “ये, लाव जोर. आता तुला झेपेल.”