एकाच पानावर

ताईने काचेच्या बशीतल्या पहिल्या बुरशीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडला. जखम धुताना येतो तसा फसफसून फेस आला. दुसऱ्या बुरशीवर थेंब सोडला. ती ढिम्म.

"दोन्ही पानावरच्या एकाच डागातून काढल्यात," ती पुटपुटली. "मग ही दुसरी पानात शिरली कशी?"

धाकटी बहीण प्रयोगशाळेच्या दाराशी स्टुलावर बसली होती. बाहीला लाकडाचा भुसा लागलेला. बँकेतली नोकरी सोडून ती सुतारकाम शिकायला लागली होती, आणि ते आज संध्याकाळी बाबांना सांगायचं होतं. ताईने सोबत यावं म्हणून ती मघापासून डोकं खात होती.

"तुझं तू निस्तर," ताई बशीवरून नजर न काढता म्हणाली. "मी बुरशीचं शिकणार म्हटल्यावर घरात महिनाभर अबोला होता. तेव्हा कोण होतं माझ्यासोबत?"

तो महिना तिला अजून डाचत होता. धाकटीने खाली पाहिलं. मग विषय बदलायचा म्हणून तिने विचारलं, "काय झालंय तुझ्या बुरशीला?"

हे विचारलं की ताई विरघळायची.

"बुरशी शिरायला लागली की पान तिथल्या तिथे हे पेरॉक्साइड सोडतं. जाळूनच काढतं तिला. पण ही फेसवाली पक्की आहे. तिच्याकडे एक एन्झाइम असतं, त्याने ती विषाचं पाणी करते. दुसरीचं एन्झाइम मी काढून घेतलंय. ती उंबऱ्यातच मरायला हवी. मागच्या खेपेला मेलीसुद्धा."

"मागच्या खेपेलाही दोघी एकाच पानावर होत्या?"

ताईचा हात थांबला. मागच्या खेपेला पानं वेगळी होती. या खेपेला रोपं कमी पडली म्हणून तिने दोन्ही बुरशींचे थेंब एकाच पानावर, अगदी शेजारी शेजारी टाकले होते. नवशिक्यालाही शोभू नये अशी चूक. तरी तिला स्वतःचा राग येईना. तिने भिंग ओढून पानावरचा डाग पुन्हा पाहिला.

"विष सगळं पहिलीनेच पचवलं," ती हळूच म्हणाली. "दुसरी नुसती शेजारी होती."

"म्हणजे आपण दोघी बुरशी, आणि बाबा पान?" धाकटीला हसू फुटलं.

"पानाचं काही चुकत नाही गं. ते आपला जीव वाचवत असतं."

ताईने बशीवर झाकण ठेवलं, हातमोजे काढले, ॲप्रन खुंटीला अडकवला. दिवा बंद करताना तिने धाकटीच्या बाहीवरचा भुसा झटकायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

"राहू दे तो," ती म्हणाली. "बेल मी वाजवते. तू शेजारी उभी राहा."