शून्य भांडणं

मॅडम डबा संपवून चक्कर मारायला गेल्या की ऑफिसातल्या धाकट्या सहकारिणीच्या हातात पंचवीस मिनिटं असायची. तिने मॅडमच्या खुणांची यादी उघडली आणि आपल्या खुणा बदलायला घेतल्या. मॅडमनी जिथे 'घ्या' लिहिलं होतं, तिथे स्वतःचं 'टाका' पुसून 'घ्या' केलं. जिथे त्यांचं 'टाका', तिथे हिचंही 'टाका'. आज बदलायच्या खुणा जरा जास्तच होत्या. मान अवघडली होती. आपण हे काय करून बसलोय, असं तिला रोज वाटायचं, तसं आजही वाटलं.

काम तसं डोकं उठवणारंच. पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे. हल्ली जो तो त्यांची इंजेक्शनं घ्यायला निघालेला. त्यातली कुठली खरंच वजन उतरवतात, कुठली स्मरणशक्ती टिकवतात आणि कुठली नुसत्याच बाता, हे सहा हजार शोधनिबंध चाळून ताडून बघायचं होतं. प्रत्येक निबंध दोघींनी वाचायचा, पण आपापला, एकमेकींच्या खुणा न बघता. तुलनेत घ्यायचा की टाकायचा, एवढंच ठरवायचं. जिथे जुळणार नाही, त्याला ऑफिसात भांडण म्हणत. दर शुक्रवारी कॉम्प्युटर आठवड्याची भांडणं मोजून द्यायचा आणि मग या दोघी समोरासमोर बसून खरोखरच्या भांडायच्या. भांडण्यात मॅडमचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटी तर त्यांच्याकडूनच भांडायला शिकली.

आधी चार-पाच भांडणं व्हायची आठवड्याला. एकदा मॅडमनी उंदरांवरचा निबंध माणसांचा म्हणून घेतला. धाकटी पोट धरून हसली, मॅडमही हसल्या. मग एकच निबंध त्यांनी सोमवारी घेतला आणि गुरुवारी टाकला. मग "तुझा चहा झाला का गं?" हे एका सकाळीत तीनदा विचारलं. त्या शुक्रवारी आकडा आला एकोणीस. मॅडम भांडल्याच नाहीत. कागदाकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी हे असं का लिहिलं असेल गं?"

तो आवाज धाकटीला सोसला नाही. मॅडमच्या आईचं काय झालं होतं ते तिला ठाऊक होतं. शेवटी शेवटी ती माउली पोटच्या मुलीला ओळखेनाशी होऊन 'ताई' म्हणून हाक मारायची. वरचे साहेबही एव्हाना विचारू लागले होते, एकोणीस म्हणजे काय? मॅडमच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. बत्तीस वर्षं घासलेल्या बाईला असं हात धरून घरी बसवायचं? छे! धाकटीने पहिल्यांदा चार-पाचच खुणा बदलल्या. पुढच्या आठवड्यात दहा-बारा. मग सगळ्याच. खऱ्या खुणा ती घरच्या वहीत उतरवून ठेवायची, अखेरीस गुपचूप दुरुस्त करू म्हणून. म्हणजे काम दुप्पट. डोळ्यांखाली काळं आलं होतं, घरचे करवादत होते. पण मॅडम पुन्हा ताठ चालायला लागल्या होत्या. बारीकही झाल्या होत्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, "चालते मी रोज."

तीन वाजता मॅडमनी आत येऊन दार लावून घेतलं.

"शून्य," त्या म्हणाल्या. "सलग चौथ्या शुक्रवारी शून्य."

झालं, पकडलं मला, असं धाकटीला वाटलं. दोन माणसं कधी शंभरातल्या शंभर वेळा जुळतात का, हे मॅडमना वेगळं सांगायला नको होतं. माफी कशी मागायची ते ती मनात जुळवू लागली.

मॅडमनी पर्समधून पेनासारखं एक इंजेक्शन काढून टेबलावर ठेवलं. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"कुणाला बोलू नकोस हं. दोन महिने घेतेय. आपल्याच यादीतलं, वजनाचं. डोक्यालाही चांगलं म्हणतात. पुरावा नाहीये, मला माहितीये, मीच टाकलेत ते निबंध! पण मला कळत होतं गं, माझं काय होतंय ते. आईचं सगळं मी या हातांनी केलंय. मग म्हटलं, घेऊन तर बघू. आणि दर शुक्रवारी भांडणं मोजायची. एकोणीस, चौदा, सहा, शून्य! माणूस स्वतःला फसवतं, पण दुसऱ्या वाचकाचा आकडा कशाला खोटं बोलेल?"

एवढं मोकळं हसताना धाकटीने मॅडमना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं होतं," मॅडम म्हणाल्या. "लवकर आलात तर काहीतरी करता येईल, असं म्हणाले होते. आत्ताच फोन करून वेळ रद्द केली. उगाच कशाला?"

त्या इंजेक्शन पर्समध्ये ठेवू लागल्या. धाकटीने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"मॅडम, फोन लावा परत. ती वेळ मागून घ्या," ती म्हणाली. "या आठवड्यात एकतीस होती. मी पुसली."